बरी झालेली मुलगी

"ताई, एवढी एकच विनंती आहे. पाहुणे असेपर्यंत तोंड उघडू नका!"

कपबश्या पुसता पुसता भावजय अगदी हलक्या आवाजात बोलली. पण आत्याच्या ते जिव्हारी लागलं. चिंगीची ती आत्या, चिंगीच्या बाबांची थोरली बहीण. पण घरीदारी, शेजारीपाजारी सगळे तिला आत्याच म्हणत. तेवीस वर्षं या घरात खपली, आणि आज काय... तर तोंड उघडू नका! ओठावर आलेले शब्द तिनं गिळले. आज चिंगीचं लग्न ठरवायला मुलाकडची माणसं यायची होती. शुभकार्यात आपल्यामुळे विघ्न नको, असं तिनं स्वतःला बजावलं आणि ट्रे उचलून ती बाहेर आली.

गप्पा छान रंगल्या होत्या. तेवढ्यात मुलाची आई सहज म्हणाली, "आम्ही खाली भेटलो ना, तेव्हा मुलगी जिन्यात दोनदा थांबली. बरं नाही का तिला?"

"छे हो! सकाळपासून धावपळ चालली आहे नुसती," चिंगीचे बाबा हसले.

"हिचं तर कधी साधं डोकंसुद्धा दुखलेलं नाही!" भावजयीनं पुष्टी जोडली.

कधी डोकंसुद्धा दुखलं नाही! आत्यानं हातातला ट्रे खाली ठेवला. डोळ्यांपुढे उभी राहिली ती सव्वा वर्षाची पोर... चार पावलं धावली की ओठ जांभळासारखे निळे पडायचे, आणि मग गुडघे पोटाशी घेऊन ती उकिडवी बसायची. इतकं चिमुकलं लेकरू, पण असं बसलं की श्वास येतो हे त्याचं त्यालाच उमगलं होतं! जन्मापासून हृदयात छिद्र, आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद. बाळंतपणानंतर भावजय अंथरुणाला खिळलेली, भाऊ नोकरीपायी सतत फिरतीवर. चिंगी जन्मली त्याच महिन्यात आत्याला एका मोठ्या नाटक कंपनीनं पोशाखांची मुख्य कटर म्हणून बोलावलं होतं. राजाचा झगा असो की भिकाऱ्याच्या चिंध्या, सगळं तिच्या कात्रीखालून जाणार होतं! ते पत्र तिनं घडी घालून ठेवून दिलं आणि ती रुग्णालयाच्या बाकावर जाऊन बसली. अडीच वर्षांच्या चिंगीची छाती उघडली, तेव्हा सहा तास ती त्या बाकावरून हलली नव्हती.

"का खोटं बोलताय?" आपलाच आवाज तिला परका वाटला. "अडीच वर्षांची असताना हिच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. छिद्र बुजवलं, वाट मोकळी केली, पण ते करताना झडप निकामी झाली. ती गळत राहणार, मोठेपणी बदलावी लागेल, दर वर्षी तपासायला आणा... असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं! आणि तेरा वर्षं... तेरा वर्षं हिला कुणी तिकडे फिरकूसुद्धा दिलं नाही!"

पाहुणे भले होते. त्यांनी घोटभर कॉफी घेतली, चपला घातल्या आणि "कळवतो" म्हणून जिना उतरले. ते काय कळवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भाऊ संतापानं लाल झाला. "पोरीचं भलं बघवलं नाही तुला!"

पण तो घाव काहीच नव्हता. खरा घाव घातला तो चिंगीनं. डोळ्यांत पाणी, आवाजात निखारे... "मी बरी झालेय, आत्या! पण तुला मी आजारीच हवी आहे! मी आजारी असले तरच तुझी या घरात गरज, हो ना?"

जिला छातीशी धरून उठता-बसता श्वास मोजले, तिच्या तोंडून हे! गणवेश शिवणाऱ्या ज्या कारखान्यात आत्या कामाला होती, त्याच्या माळ्यावर एक खोली रिकामी होती. संध्याकाळी एक पेटी घेऊन ती तिथे राहायला गेली. कुणीही तिला अडवलं नाही.

पुढचे सात आठवडे तिनं नुसत्या रागावर काढले. कापडाच्या चाळीस घड्या एकावर एक रचून कात्री चालवताना ती मनातल्या मनात भांडायची. तेरा वर्षांमागच्या त्या तपासणीनंतर भाऊ म्हणाला होता, "आता पुरे! या लोकांचा धंदाच आहे घाबरवण्याचा." आपण भांडलो, रडलो, अबोला धरला... मग गप्प का बसलो? चिंगी अठरा वर्षांची झाली तेव्हा तिचा हात धरून आपणच का नेलं नाही? भावाचं घर मोडू नये म्हणून? या प्रश्नापाशी कात्री अडखळायची आणि रागाचं टोक तिच्याकडेच वळायचं.

आणि एका दुपारी चिंगी आली. कारखान्याच्या दारात ती कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली, दोन बोटं गळ्याशी दाबलेली.

"आत्या... धडधड थांबतच नाही गं. ऑफिसात काल चक्कर आली. आईला सांगितलं तर म्हणते, लग्न मोडल्याचं मनाला लावून घेतलंयस. डॉक्टरांनी नक्की काय सांगितलं होतं? सगळं सांग. मला तर कुणी सांगितलंच नाही!"

'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य सात आठवडे आत्यानं जिभेवर घोळवलं होतं. पण आता ते आठवलंसुद्धा नाही. मुकादमाकडून सुट्टी घेऊन ती चिंगीला तडक रुग्णालयात घेऊन गेली.

ईसीजी, सोनोग्राफी, एमआरआय असं सगळं झालं. हृदयाच्या डॉक्टर एक मध्यमवयीन, स्पष्टवक्त्या बाई होत्या. त्यांनी पडद्यावरचं चित्र चिंगीकडे वळवलं. "झडप गळतेय. इतकी वर्षं परत येणारं रक्त झेलून उजवा कप्पा फुगलाय, म्हणून ठोके बिघडताहेत. नवी झडप बसवू. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. आणखी काही वर्षं काढली असती, तर कप्पा पुन्हा आकाराला आला नसता."

"म्हणजे मग मी बरी होईन?"

"तुमचं हृदय दुरुस्त केलेलं आहे, त्याच्याकडे जन्मभर लक्ष ठेवायचं. ही झडपही दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागेल. पण नोकरी, लग्न, मूल... तपासण्या चुकवल्या नाहीत तर कशालाच माझी ना नाही."

ऑपरेशनच्या सकाळी निरोप मिळताच भाऊ आणि भावजय धावत आले, तोवर चिंगीनं संमतीपत्रावर आपल्या हातानं सही केली होती. तिला आत नेलं आणि दार बंद झालं... आणि आत्याचा बांध फुटला.

"का रे? का थांबवलंस तिला न्यायचं? उत्तर दे मला!"

भावानं मान वर केली नाही. "त्या वेळी ते म्हणाले, पुढे पुन्हा छाती उघडावी लागेल... ताई, मला ते ऐकवत नव्हतं गं. नेलंच नाही तर कुणी सांगणारही नाही, असं वाटलं..."

"तू घाबरलास आणि भोगलं माझ्या पोरीनं! आणि तू गं," ती भावजयीकडे वळली, "आई ना तू? लोकांपुढे मिरवायला निरोगी मुलगी हवी होती तुला! कशाची लाज वाटत होती?"

"लाज?" भावजय भिंतीला टेकली. "ताई, चिंगी चार दिवसांची होती. तिला छिद्र आहे असं नुकतंच कळलं होतं. माझे टाकेही वाळले नव्हते. तुम्ही आलात, आणि तुमचा पहिला प्रश्न काय होता, आठवतंय? 'दिवस असताना कसल्या गोळ्या खाल्ल्यास तू?' तुम्ही विसरलात. मी मात्र तेवीस वर्षं दर दिवशी तो प्रश्न ऐकतेय. ती बरी झाली असं म्हटलं, की तेवढा वेळ तो आवाज थांबायचा. म्हणून म्हणत राहिले... पोटच्या पोरीलासुद्धा तेच सांगत राहिले!"

आठवलं आत्याला! तो प्रश्न, ती खाट, उशीत तोंड खुपसून घेतलेली ती बाळंतीण... इतकी वर्षं आपला त्याग कवटाळून बसलो, आणि त्याच त्यागाच्या पहिल्या दिवशी आपण हे विष पेरलं होतं! आपल्या संतापाला एवढा आधार वाटत होता, आणि आज पायाखालची जमीनच सरकली.

"दोष कुणाचाच नव्हता गं," ती कशीबशी बोलली. "मी डॉक्टरांना विचारलं होतं, तेव्हाच. हे कुणाच्या खाण्यानं होत नाही, आईचं काही चुकलं म्हणूनही होत नाही, असं ते म्हणाले होते. मी... मी तुला ते सांगायला हवं होतं. मनातच आलं नाही माझ्या."

भावजय ओंजळीत तोंड लपवून ढसाढसा रडली. तेवीस वर्षं अडलेलं ते रडणं! आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. भावजयीनं तो झिडकारला नाही, धरलाही नाही. फक्त राहू दिला.

पाच तासांनी शल्यविशारद बाहेर आले. टोपीच्या काठाचा लाल वळ त्यांच्या कपाळावर उमटला होता. "झडप छान बसली. हृदय-फुप्फुसांच्या यंत्रावरून काढल्यावर हृदय पहिल्या फटक्यात चालू झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्वासाची नळी काढली. परिचारिका दारात आली. "शुद्धीवर आहे. एकाच माणसाला सोडता येईल, पाच मिनिटं. आत्या कोण?"

भाऊ आणि भावजय दोघंही बाजूला झाले. तो मान या दोघांनी आज पहिल्यांदाच आपण होऊन दिला होता. आत्याचा सगळा जीव त्या दाराकडे ओढ घेत होता. दोन पावलं ती पुढे गेली... आणि थांबली.

"आईला सोडा," ती म्हणाली. "जा गं. आणि खरं तेच सांग तिला."

दार पुरतं मिटलं नव्हतं. आतून यंत्रांची टिकटिक येत होती, चिंगीचा घोगरा, क्षीण आवाज... आणि त्यावर भावजयीचा, तुटलेला, पण स्वच्छ आवाज : "तू बरी झालीस असं खोटं सांगितलं मी तुला, बाळा... मला माफ कर..."

बाहेर आत्या बाकावर बसली. भाऊ कोपऱ्यात उभा होता, केस विस्कटलेले, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात, शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा. त्याच्यावरचा राग गेला नव्हता. तो इतक्यात जाणारही नव्हता, जायला नकोच होता. ती बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. मग थोडी सरकली. तो येऊन शेजारी बसला.

बऱ्याच वेळानं, त्याच्याकडे न पाहताच, ती म्हणाली, "कालपासून काही खाल्लंस का?"