रिकाम्या शेडचं दार

सुरतेला नर्सिंग शिकणाऱ्या भाविकाने आईच्या मोबाईलवर एक चाचणी पाठवली. माणूस नुसता थकलाय की मनातून खचलाय, ते म्हणे घरबसल्या कळतं. पप्पांकडून नक्की भरून घे, असं तिने बजावलं होतं.

हेमकांतने आयुष्यात मोबाईलवर काही भरलं असेल तर शपथ. रेशनचं असो की विम्याचं, भरायचं ममताने आणि त्याचा लागायचा फक्त अंगठा. तेव्हा नवऱ्याचं मनसुद्धा ममताच भरायला बसली. दुपारची वेळ, ओट्यावर, मांडीवर मेथीची जुडी घेऊन.

समोर शेड दिसत होती. नवापूरकडे कोंबड्यांत रोग आला, सरकारी माणसं आली आणि यांची सगळी पिल्लं एका दिवसात पुरली गेली. शेड धुऊन झाली, चुना मारून झाला. तेव्हापासून हेमकांत जेवला की त्या रिकाम्या शेडमध्ये जाऊन बसायचा, तो दिवस मावळेपर्यंत. बोलणं तर बंदच झालं होतं. हा माणूस आपल्या हातून निसटतोय, या भीतीने ममता आतून पोखरली गेली होती, पण कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं.

झोप लागते का? जेवण जातं का? कामात मन रमतं का? ममताने सगळीकडे चांगल्या उत्तरावर बोट ठेवलं. घरच्या माणसाबद्दल वाईट कसं भरायचं? मग पुढचा प्रश्न आला.

रिकाम्या शेडमध्ये जाण्याआधी तुम्ही दार वाजवता का?

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली. पिल्लांच्या शेडमध्ये कुणी एकदम शिरत नाही. पिल्लं बिचकतात, कोपऱ्यात धावून एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून आधी पत्र्याचं दार वाजवायचं, जरा थांबायचं, मग आत. हेमकांत अजूनही वाजवायचा. सवय असेल, असं म्हणून ममताने ते सोडून दिलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

तिने भाविकाला फोन लावला आणि हे कसले प्रश्न, म्हणून तिच्यावरच डाफरली. भाविका गोंधळली.

"मम्मी, त्याम्हा असा प्रश्नच नही शे."

फोन ठेवला तर पडद्यावर पुढचा प्रश्न आलेला.

आतून उत्तर येतं का?

ममता उठली. मेथी ओट्यावर सांडली. आज काही झालं तरी त्याला तिथून बाहेर काढायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती धावत गेली आणि दार ढकलून आत शिरली.

न वाजवता.

आत काहीच नव्हतं. चुना मारलेली जमीन, पालथी घातलेली पाण्याची भांडी, मधोमध हेमकांत. पण तिच्या पायांजवळून काहीतरी झपकन कोपऱ्याकडे पळालं. जाळीतून येणाऱ्या उन्हात चुन्याची धूळ उडाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

हेमकांत उभा राहिला. किती दिवसांनी त्याचा आवाज ऐकू आला.

"दार काबर नही वाजाडं?"

तो कोपऱ्यात गुडघे टेकून बसला. ओंजळीत काहीतरी उचलून बाजूला ठेवू लागला. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं. भराभर.

"हात लाव," तो म्हणाला. "खालना गुदमरी ऱ्हायनात."

त्याला दंडाला धरून ओढावं म्हणून ती वाकली. तोल गेला, तसा तिने कोपऱ्यात हात टेकला.

हाताला ऊब लागली.

उबेखाली बारीक धडधड होती.

संध्याकाळी भाविकाचा फोन आला. पप्पा कसे आहेत, तिने विचारलं.

"बरा शेतस," ममता म्हणाली. "आज बोलनात मन्हासंगे."

त्यात खोटं काही नव्हतं. हेमकांत पोटभर जेवलाही होता.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर हेमकांतला ओट्यावरच गाढ झोप लागली. तो शेडकडे गेला नाही. ममता गेली, एकटीच, पाण्याचं भांडं घेऊन. तिने पत्र्याचं दार वाजवलं आणि आतली चिवचिव शांत होईपर्यंत बाहेर थांबली.