रिकाम्या खुर्चीतला शेजारी

"एक खुर्ची मिळेल का हो? माझी आत्ताच मोडली. पेशंटसकट."

दारात समोरच्या दवाखान्यातला दातांचा डॉक्टर उभा होता. पांढरा कोट, कपाळावर चढवलेला चष्मा आणि चेहऱ्यावर असं हसू, की पेशंटची काळजीच वाटू नये.

"न्या ना," मी म्हणाले. "फक्त ती खिडकीजवळची सोडून."

"तीच तर रिकामी आहे!"

"रिकामं राहणं हेच तिचं काम आहे."

मी समुपदेशक आहे. कुणाचे वडील वारलेले असतात, कुणाची मुलगी बोलत नसते. त्या माणसाला समोरच्या खुर्चीत बसलेलं मानायचं आणि राहून गेलेलं बोलायचं, अशी आमच्या कामातली एक रीत आहे. बोलून झालं की त्याला निरोप द्यायचा. 'उठा आता,' असं मोठ्यानं म्हणायचं.

हे सांगितल्यावर त्यानं विचारलं, "आणि म्हणायला विसरलं तर?"

"तर तो बसून राहतो, असं आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या."

"मग भाडं मागा त्याच्याकडे," असं म्हणत त्यानं दुसरी खुर्ची उचलली. जाताना मागे वळून पाहिलं... एकदाच.

त्यानंतर आम्ही व्हरांड्यात भेटू लागलो. "तुमची मजा आहे," तो म्हणायचा, "तुमच्याकडे लोक तोंड उघडायला येतात. माझ्याकडे आले की मिटून बसतात." हात धुताना तो शीळ घालायचा. ती ऐकू आली की समोरच्याचं वाक्य माझ्या हातून निसटायचं.

आपण सगळेच दिवसभर कुणा ना कुणाला मनात बसवून बोलत असतो. भांडी घासताना, रस्ता ओलांडताना. त्यात वाईट काही नाही, मन हलकंच होतं. हे मी लोकांना सांगते. मग एका दुपारी, सुट्टीत, मी त्याला त्या खुर्चीत बसवलं.

"डॉक्टर, तुमची शीळ थांबली की माझं कामात लक्ष लागत नाही. खरं तर... सुरू असली तरी लागत नाही."

निरोप द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. बसू दे की जरा, कुणाचं काय जातंय?

रोज दुपारी मी बोलत राहिले. काही दिवसांनी खुर्चीच्या गादीवर खळगा दिसला. हात लावला तर ऊब. ऊन असेल म्हणून पडदा ओढला. मग खुर्ची सावलीत, भिंतीशी नेली. ऊब तशीच. माझ्याकडे येणाऱ्या एक वयस्कर बाई दारातच थबकल्या आणि खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, आत कुणी आहे वाटतं. होऊ दे त्यांचं."

त्याच आठवड्यात त्याची ताई धावत आली. त्याच्या दवाखान्याचा काउंटर तीच सांभाळायची.

"जरा बघा हो याला! रोज सुट्टीत असाच बसतो. डोळे उघडे, पण माणूस ठिकाणावर नाही. हल्ली सुट्टी संपली तरी परत येत नाही. आज यंत्र पेशंटच्या तोंडात सुरू होतं आणि हा... ओठ थोडक्यात वाचला. किती डॉक्टर झाले, कुणाला काही सापडत नाही. उद्यापासून मी दवाखान्याला कुलूप लावणार."

मी तिच्यामागे दवाखान्यात गेले. तो स्टुलावर बसला होता. हात गुडघ्यांवर, नजर भिंतीवर. भिंतीपलीकडे व्हरांडा आणि त्यापलीकडे माझी खोली.

"तुमची शीळ थांबली की माझं कामात लक्ष लागत नाही," तो हळूच म्हणाला. शब्द माझे होते. आवाज त्याचा. मग, जरा थांबून, "तिथे तुम्ही किती छान बोलता. इथे नुसतं नमस्कार–नमस्कार. मला तिथंच राहू द्या ना... तुमच्याजवळ."

हेच ऐकायला मी रोज दुपारी बोलत होते. पण हे त्याचं होतं की मीच त्याच्यात पेरलेलं? निरोप दिला तर हेही जाणार होतं. ताई त्याची बोटं चोळत होती. "बर्फ झालाय नुसता," ती पुटपुटली.

मी खोलीत आले. खुर्चीसमोर उभी राहिले.

"उठा, डॉक्टर. माझं बोलून झालं."

काहीच हललं नाही. खोटं त्याला कळलं असावं.

"बोलून नाही झालं," मी म्हणाले. "तरीही उठा."

गादीतला खळगा सावकाश भरून आला. माझ्या खांद्याजवळून गार हवा गेली आणि दाराशी थांबली. मी वळले नाही. वळले असते तर थांबा म्हणाले असते.

समोरून ताईचा आवाज आला, "आला बाई, आला!"

दुसऱ्या दिवशी तो व्हरांड्यात भेटला. गालांवर रंग, डोळ्यांत नुसती ओळख. "नमस्कार मॅडम. सगळं ठीक?" त्याला काही आठवत नव्हतं. शेजारी म्हणून तो अगदी उत्तम होता.

ते मला आठवडाभरच सोसलं. मग मी त्याला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं.

"म्हणजे मला न विचारता मला नेऊन बसवलंत?"

"हो."

"आणि तिथे बसून मी काय म्हणालो?"

"ते नाही सांगणार."

"का?"

"सांगितलं तर सभ्य माणूस म्हणून तेच परत म्हणाल."

तो हसला नाही. वळून आपल्या दवाखान्यात गेला. त्या दिवशी शीळ ऐकू आली नाही. नंतरही नाही. दुपारच्या सुट्टीत मी खिडकीबाहेर बघत जेवायचे. मनातसुद्धा कुणाला बोलवत नव्हते.

मग एका दुपारी दारावर टकटक झाली. शीळ नाही, हाक नाही. फक्त टकटक.

'या' हा शब्द ओठांवर आला आणि मी तो गिळला. बोलवायचं नव्हतं. आता कधीच नाही. मी दाराकडे बघत उभी राहिले.

मग दार उघडलं. आतून नाही... बाहेरून. न बोलावता, स्वतःच्या पायांनी तो आत आला.