कार्ड विचारत नाही

हरेशला मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं होतं, त्या कार्डाच्या नादी लागू नकोस. पण शहापुरात माझं ऐकतो कोण? मुरबाडला त्याचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. सर्व्हरमध्ये दोन डिस्क, दोन्हींवर तोच माल. एक गेली तरी दुसरी आहे. ही जोडी सॉफ्टवेअरनं सांभाळली असती. फुकटात. वेळ आली की डिस्क काढायची आणि कुठल्याही मशीनला लावायची. पण कोणीतरी त्याच्या गळ्यात डिस्कची जोडी सांभाळणारं वेगळं कार्ड मारलं. कार्ड फास्ट असतं, ते मी मान्य करते. पण ते जळलं की तस्संच दुसरं शोधत फिरा. शिवाय दोन डिस्क जुळल्या नाहीत, तर खरी कोणती ते त्याचं तेच ठरवतं. सॉफ्टवेअर मी सांगेन ते ऐकतं. कार्ड विचारतसुद्धा नाही.

शेवटी व्होल्टेज वाढून कार्ड जळलंच. हरेश एसटीतून सर्व्हर मांडीवर घेऊन माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आला.

"ताई, लग्नांचं जाऊ दे. रविना हाय त्याच्यात."

रविना त्याची लेक. मागच्या वर्षी तापानं गेली. मोबाईल विहिरीत पडला, त्यातले फोटोही गेले. म्हसा गावच्या जत्रेत लक्ष्मीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, केलेलं एक शूटिंग तेवढं उरलं होतं.

मी डिस्क एकेक करून माझ्या मशीनला लावल्या. नशिबानं कार्डाशिवायही वाचता आल्या. पहिली आजारी होती, खरखरत होती. पडद्यावर बैलबाजार, धूळ, घोंगड्यांची दुकानं. लाल फ्रॉकमधली रविना बापाचं बोट धरून चालली होती. मागे वळून तिनं तोंड उघडलं आणि तिथंच सगळं अडकलं.

"पुढं काय बोलली तेच आठवत नाय गो मला," हरेश म्हणाला. "कार्डावर कधी अडकलं नव्हतं." हे त्यानं पुन्हा पुन्हा म्हटलं.

दुसरी डिस्क ठणठणीत. तीच जत्रा, तीच धूळ, तोच रंगवलेल्या शिंगांचा बैल. हरेश चालला होता, डावा हात खाली, बोटं जरा वाकलेली. हातात कोणी नव्हतं. गर्दी मात्र त्याच्या शेजारी थोडी जागा सोडून जात होती. बांगडीवाला वाकून हवेत माप घेत होता.

फाइल बिघडते ती कशी, हे मला माहीत आहे. चित्र फाटतं, रंग उडतात. एकच पोर नेमकी नाहीशी होऊन तिच्या जागी नीट धूळ येत नाही. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडते. दुसऱ्या डिस्कवरचं चित्र हरेशला दिसू न देता मी त्याच्यावर खेकसले, "उद्या कल्याणहून नवी डिस्क आणते. पहिली तिच्यावर हळूहळू उतरवू. तोवर कशालाही हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान हरेशवर सोपवून गेले. दुपारी परतले, तर सर्व्हर सुरू होता. त्यानं कुठून तरी तस्संच कार्ड पैदा केलं होतं आणि सकाळपासून माझ्या दुकानात लावून बसला होता. दोन्ही डिस्कचे दिवे हिरवे.

मी वायर उपटली. उपयोग नव्हता. कार्डानं ठणठणीत डिस्क खरी धरून आजारी डिस्कवर उतरवली होती. एकेक करून दोन्ही पाहिल्या. दोन्हींवर हरेश एकटाच चालत होता.

"आलं ना सगळं," तो म्हणाला. त्याचा चेहरा शांत होता. "बैलबाजार काय झकास आलाय."

"हरेश, रविना?"

त्यानं जरा आठवून पाहिलं. "कुठल्या गावचं लग्न, ताई?"

मी लक्ष्मीला फोन लावला. "आमाला मूल नाय," ती म्हणाली. "तुमाला माहीत हाय ना." मला रडू आलं. रडणारी मी एकटीच होते.

हरेश सर्व्हर काखेत मारून निघाला. मी दारातून बघत राहिले.

त्याचा डावा हात खाली होता, बोटं जरा वाकलेली.

रस्त्यावर ट्रक आला. हरेश थांबला.

आणि तो हात त्यानं चटकन आपल्या मागे घेतला.