वीस मिनिटांचा अंधार

खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. जोतिराम माझा मावसभाऊ. होटगीच्या माळावरून आल्यापासून तो हसलेला मी पाहिलेला नाही.

६ एप्रिल २०२३. गुरुवार. चैत्री पौर्णिमा.

त्याची सहा वर्षांची प्रियंका महिनाभर तापाने फणफणत होती. डॉक्टर झाले, रक्ताच्या तपासण्या झाल्या. पोर वाळून काडी झाली.

शेवटी त्याची आई, कस्तुराबाई म्हणाली, “पुनवेला पोरीला माळावर ने. हिकडं दिवस मावळतोय, तिकडं चांद उगवतोय, दोघं संगं दिसत्यात तवाच उतारा ठिव. मधी अंधार पडू दिऊ नगंस.”

त्यांच्या घरची ही जुनी रीत.

कॅलेंडरवर पौर्णिमा गुरुवारी होती. जोतिरामने चिंचोळीच्या कारखान्यातून त्या दिवशीची रजा काढली. खालची बारीक अक्षरं कोण वाचतं? पौर्णिमा सकाळी दहालाच संपली होती. सूर्य-चंद्र समोरासमोर यायची संध्याकाळ आदल्या दिवशीच निघून गेली होती.

माळावर सूर्य बुडाला.

पूर्वेला... काहीच नव्हतं.

त्याने पोरीचा हात घट्ट धरला. “थांब बाळा, येतोय चांद.”

लांबच्या मेंढ्यांच्या घंटा थांबल्या. मग रातकिडे. मग वारासुद्धा...

“आप्पा...”

आवाज प्रियंकाचाच. पण ओढ्यापलीकडून.

“आप्पा, मी हितं हाय. मला सोडून जाऊ नगा की!”

हातातला हात तसाच होता. फक्त... गार पडला होता.

त्याला ओढ्याकडे धावायचं होतं. पण हातातली पोर सोडायची कशी?

वीस मिनिटांनी चंद्र वर आला. शेजारी प्रियंका उभी होती. ताप उतरलेला.

“लई भूक लागलीया,” ती म्हणाली.

घरात आनंदीआनंद झाला. पोर बाळसं धरू लागली. बायकोला काय सांगणार? दर महिन्याला पौर्णिमा संपली की त्या संध्याकाळी, चंद्र उगवायच्या आधी, तो एकटाच माळावर जायचा. हाक यायची. ओढा ओलांडला की ती आणखी लांबून यायची. महिन्यागणिक आवाज खंगत गेला.

दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला... काहीच ऐकू आलं नाही.

तो घरी परतला. प्रियंका उंबऱ्यावर खेळत होती. मान वर न करता म्हणाली, “आता नगा जाऊ आप्पा. ती गेली.”

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. जोतिराम तिला हाताने घास भरवत होता. मला बघून हळूच म्हणाला, “काय करू? आता हीच हाय माज्याजवळ.”

मी पाणीही न पिता निघालो.