गाळपडद्याची अट

प्रयोगशाळेतल्या काचेच्या हौदात मूठभर गाळ पडला आणि सगळ्यांचा चहा संपायच्या आत त्याचा दगड झाला. मंजुरी समितीचे सदस्य हौदावर वाकले. डॉ. खांबेटे तेवढे खुर्चीतच बसून राहिले. वेंगणी बंदराचा नौपथ, म्हणजे जहाजांची वाट, त्यांनी आखली होती. तिथला प्रवाह असा नेमका, की गाळ उपसायची वेळ कधी आलीच नाही. पण ते बघायला कुणी असं वाकलं नव्हतं. आज मात्र त्यांचीच विद्यार्थिनी, मृण्मयी तांडेल, भाव खाऊन गेली होती. खांबेट्यांच्या पोटात दुखत होतं, आणि कशाने ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"हे शिलाकर जिवाणू," मृण्मयी सांगत होती. "गाळाचा दगड बांधतात, पण फक्त साचलेल्या पाण्यात. वाहत्या पाण्यात झोपून जातात. वेंगणी बंदर वाढवायला भराव टाकायलाच नको, जमीन आपली आपण उगवेल."

"आणि थांबेल कुठे?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्याची सोय तिथे आधीच आहे," असं म्हणून ती खांबेट्यांकडे बघून हसली. ही आपल्याला खिजवतेय, असं त्यांना वाटलं. अध्यक्षांना दगड इतका आवडला होता, की त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

चर्चेच्या वेळी अर्जदाराने बाहेर बसायचं आणि प्रत्येक सदस्याने मंजुरीला निदान एक अट चिकटवायची, असा समितीचा रिवाज होता. नाहीतर सदस्य हजर होता हे कळायचं कसं? कुणी झाडं लावायला सांगितली, कुणी दिवे. खांबेट्यांना नकार द्यायचा होता, पण हेवा हे काही कारण म्हणून लिहिता येत नाही. त्यांनी दर भरावाला घालतात तीच अट घातली: जागेभोवती, थेट नौपथाच्या कडेने, गाळपडदा. पाण्यात सोडलेलं जाड कापड. त्याच्यामागे पाणी साचेल, हे क्षणभर त्यांच्या मनात आलंही. पण मृण्मयीला आत बोलावून विचारायचं म्हणजे तिच्यापुढे शिकायला बसायचं. त्यांनी सही केली.

अटी कळताच मृण्मयी धावत आली. "सर, पडदा नको. पाणी थांबेल. आणि मंजुरी मिळाली की बंदरवाले काम सुरू करणार, ते थांबवणं माझ्या हातात नाही."

"रीतसर अर्ज कर. पुढच्या बैठकीत बघू."

तिचा पडलेला चेहरा बघून त्यांना बरं वाटलं.

पुढची बैठक व्हायच्या आतच पडद्यामागे दगड उगवला. त्या दगडाने पलीकडचा प्रवाह अडला, अडलेलं पाणी साचलं आणि साचलेल्या पाण्यात पुन्हा दगड उगवला. पावसाळा सरला तेव्हा नौपथावरून चालत जाता येत होतं.

खांबेटे चालत गेले. मृण्मयी तिथे आधीपासून उभी होती.

"या जिवाणूंना थांबवणारं काहीतरी तू त्यांच्यात घातलं असशीलच," ते म्हणाले.

"नाही घातलं, सर." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "तुमचा प्रवाह होता ना. तो कधी थांबेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. म्हणून तर ही जागा निवडली."

त्यांच्या कामावर एवढा विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता. खांबेटे वाकले आणि त्यांनी दगडाला कान लावला. खाली काहीच वाहत नव्हतं.