बारा मिनिटांचा थांबा

“या बसगाड्यांचं वेळापत्रक करणारा जो कोण शहाणा आहे ना... त्याला एकदा इथे आणून उन्हात उभं केलं पाहिजे!”

हे ती कुणाला उद्देशून बोलली नव्हती. बस चुकली की मोठ्याने बोलायची तिला सवयच होती. पण शेजारी वही-पेन्सिल घेऊन उभ्या असलेल्या माणसाने मान वर केली.

“उभा आहे की,” तो म्हणाला. “सकाळी साडेसातपासून.”

“म्हणजे?”

“म्हणजे तो शहाणा मीच. परिवहन कार्यालय, दुसरा मजला, वेळापत्रक विभाग.” आणि तो हसला.

आता दुसरी एखादी असती तर लाजली असती. हिने आधी त्याचे दात पाहिले. त्याला इलाज नव्हता, पोटापाण्याचा धंदाच तो होता. दातांच्या लॅबमध्ये ती मेणाच्या साच्यावर एकेक दात कोरून कवळ्या बनवायची, आणि समोरच्याचा चेहरा तिला नेहमी दातांपासून वर दिसत जायचा. याचा समोरचा एक दात शेजाऱ्याच्या अंगावर किंचित रेलला होता. तेवढ्यासाठी ते हसू तिला आवडलं. मग राग आठवला.

“मग ऐका. माझी चौदा नंबर इथे येते आठ अडतीसला. मला पुढे न्यायची ती सत्तावीस नंबर सुटते आठ छत्तीसला. दोन मिनिटं आधी! या दोघींचं काय भांडण आहे? एकमेकींचं तोंड बघत नाहीत?”

“पुढची आठ पन्नासला आहे,” तो चाचरत म्हणाला.

“म्हणजे रोज बारा मिनिटं मी इथे खांबासारखी. आणि हे बघा...” पर्समधून तिने एक जाडजूड अर्ज काढला. “आमच्या वस्तीपासून थेट बस हवी. दोनशे बारा सह्या आहेत. तीन वेळा पाठवला, उत्तर नाही. आता आयतेच सापडलात, घ्या.”

त्याने अर्ज घेतला, वहीत नीट ठेवला, आणि सत्तावीस नंबर आल्यावर तिच्यासाठी दाराशी वाट करून दिली. “उद्या याल ना?” हे त्याने विचारलं, की तिला तसा भास झाला, हे तिला दिवसभर ठरवता आलं नाही. तिला जायचं कुठे होतं? रोज तर यायचंच होतं!

त्याची पाहणी आठवडाभराची होती. आठवडा संपला, तरी तो वही घेऊन थांब्यावर हजरच.

“अजून मोजताय?”

“पावसाळ्यात गर्दी बदलते.”

“आणि पावसाळा संपल्यावर?”

“मग... थंडीत बदलते.”

तिने हसू दाबलं, पण ते काही फार दबलं नाही.

अशी ती बारा मिनिटं साजरी होऊ लागली. थांब्याला लागून कॉफीची टपरी होती. तो दोन कागदी कप घेऊन उभा असायचा, आणि ती चौदा नंबरमधून उतरतानाच तक्रारीला सुरुवात करायची. थांब्याचं छप्पर नेमकं बाकाच्या वरच गळतं. बसची पायरी इतकी उंच, की म्हाताऱ्या माणसाने चढावं कसं? रिकामी बस थांबत नाही आणि भरलेली हटकून थांबते, हा काय न्याय? तो सगळं वहीत लिहून घ्यायचा. पंधरा दिवसांत छप्पर दुरुस्त झालं. त्या दिवशी पाऊस कोसळत होता आणि बाकावर एक थेंब पडत नव्हता. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

“तुम्ही केलंत?”

“अर्ज योग्य होता,” तो म्हणाला आणि कॉफीच्या कपात बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

एकदा त्याने विचारलं, “तुम्ही बोलताना माझ्या तोंडाकडे का बघता एवढं?”

“तो दात. सरळ करता येईल, सहा महिन्यांचं काम.” मग घाईघाईने, “पण नका करू.”

“का?”

“असंच... ओळखायला बरा पडतो.”

फोन नंबर मात्र त्यांनी घेतले नाहीत. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर मागायचा कसा? ती एकदा सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, “अर्जावर आहे माझा नंबर.” तर हा गंभीरपणे म्हणतो, “तो कार्यालयीन कामासाठी आहे. खासगी कामाला वापरणं बरं नाही.” इतका सरळ माणूस! फक्त एक दात सोडून.

घरी आई म्हणायची, “हल्ली बसला शिव्या घालत नाहीस तू. सुधारल्या वाटतं बसगाड्या?”

“कुठल्या सुधारतात!” ती म्हणायची आणि गॅसकडे वळायची. आई ओळखायची.

चार महिने असे गेले. आणि एका शुक्रवारी तो कॉफीशिवाय आला. हातात घडी केलेला कागद होता आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“झालं!” तो म्हणाला. “तुमचा अर्ज मंजूर झाला. सोमवारपासून थेट बस. एक्केचाळीस नंबर. तुमच्या वस्तीपासून तुमच्या लॅबच्या दारापर्यंत. उड्डाणपुलावरून जाईल, वीस मिनिटं वाचतील. आता या थांब्यावर उतरायलाच नको तुम्हाला!”

 त्या दोनशे बारा सह्या ती केव्हाच विसरून गेली होती. हा विसरला नव्हता. चार महिने, तिच्यासोबत कॉफी पीत, हा तिला इथून घालवायची तयारी करत होता.

“छान,” ती म्हणाली. “अभिनंदन.”

“तुम्हाला... आनंद नाही झाला?”

“झाला की. मीच मागितली होती ना?”

तो थोडा गोंधळला. त्याने घडीचा कागद तिच्या हातात दिला. “वेळापत्रक आहे. सकाळचं ठीकच आहे, पण संध्याकाळच्या फेरीचं... ते जरा नीट वाचा हं. मी स्वतः बसून केलंय. रविवारीसुद्धा.”

“वाचेन.”

एवढ्यात सत्तावीस नंबर आली. चार महिन्यांत पहिल्यांदाच, वेळेच्या तीन मिनिटं आधी! त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. तिच्याही ओठांवर एक वाक्य होतं: “मग आता भेटायचं कुठे?” चार शब्द. पण मागून लोक ढकलत होते आणि नाकावर राग होता. ती चढली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. बोलणाऱ्याची बोरंसुद्धा खपतात म्हणतात, आणि ही तर शहरभर बोलण्यासाठी प्रसिद्ध... तिने नेमकं तेव्हाच तोंड मिटलं.

तो कागद लॅबच्या ड्रॉवरमध्ये, मेणाच्या पट्ट्यांखाली गेला. घडी तिने उघडली नाही.

सोमवारी वस्तीत आनंदीआनंद. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर तिला मिठीच मारली. “तुझ्यामुळे झालं गं बाई!” बस खरंच वेळेवर आली. खिडकीची जागा मिळाली. उड्डाणपुलावरून जाताना खाली तो थांबा दिसला, आता न गळणारं छप्पर दिसलं. छपराखाली कोण उभं आहे ते मात्र पुलावरून दिसत नव्हतं.

सकाळी त्या बसने जाणं भागच होतं. पण संध्याकाळी? त्याने दिलेली वस्तू दिवसातून दोनदा वापरायची नाही, असं तिने ठरवलं. लॅबमधली मैत्रीण तिच्याच बाजूला राहायची. तिच्या स्कूटरवर मागे बसून ती घरी येऊ लागली. मनात वाटायचं, त्याला खरंच वाटत असेल तर येईल शोधत. लॅबचा पत्ता काय कमी वेळा सांगितला होता?

दोन-तीन आठवड्यांनी काकू जिन्यात भेटल्या. चांगल्याच तापल्या होत्या.

“अगं, सकाळची बस सोन्यासारखी, पण संध्याकाळची बघ! निम्म्या वाटेत मेली पाव पाव तास उभी राहते. आणि कुठे माहितीये? त्यांच्याच ऑफिसच्या फाटकासमोर! आम्ही आपले आत बसून माश्या मारतो. लिही तू एक खरमरीत. तुझ्या लेखणीला धार आहे.”

ऑफिसच्या फाटकासमोर! म्हणजे साहेब लोकांना घरी जायला सोयीची बस. तिच्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या दिवसांचा राग कुठेतरी ओतायचाच होता. त्याच रात्री जेवणाआधी तिने बसून लिहिलं. एक वाक्य तर तिला इतकं जमलं, की तिने ते आईला वाचून दाखवलं: ‘कर्मचाऱ्यांच्या खासगी सोयीसाठी शेकडो प्रवाशांचा वेळ वाया घालवण्याचा हा प्रकार तत्काळ बंद करावा.’

आई ऐकत होती. “जरा लागेल असं लिहिलंयस,” एवढंच म्हणाली.

“लागू दे.”

थेट बसला चार महिने लागले होते. हा थांबा दहा दिवसांत रद्द झाला. काकूंनी पुन्हा मिठी मारली. तिला वाटलं होतं, निदान उत्तरात त्याची एखादी ओळ येईल... काहीच आलं नाही. मग तिनेही त्याचं नाव मनातून काढायचं ठरवलं. असल्या गोष्टी ठरवून होत असत्या तर काय हवं होतं.

नऊ महिने गेले. मैत्रिणीचं लग्न झालं, ती स्कूटरसकट दुसऱ्या टोकाला राहायला गेली, आणि एका संध्याकाळी ही पहिल्यांदा एक्केचाळीस नंबरने घरी निघाली. गर्दी कमी होती. कंडक्टरताई गप्पिष्ट होत्या, तिच्या बाजूच्या सीटवर येऊन टेकल्या. परिवहन कार्यालयाचं फाटक आलं. बस अर्धं मिनिट थांबली, निघाली.

“इथे आधी खूप वेळ थांबायची ना?” तिने उगाच विचारलं.

“बारा मिनिटं,” कंडक्टरताई म्हणाल्या. “मोजून बारा. ना कमी ना जास्त.”

तिचा हात पुढच्या सीटच्या दांडीवर होता, तो तिथेच राहिला.

“ड्रायव्हर बदलायचा म्हणून कागदावर होतं. पण खरं सांगू का, वर एक वेळापत्रकवाले साहेब होते, ते रोज खाली यायचे. दोन कॉफ्या घेऊन. बसमध्ये चढायचे आणि पुढपासून मागपर्यंत एकेक सीट बघत जायचे. मी एकदा म्हटलं, साहेब, कुणी हरवलंय का? तर म्हणाले, नाही, बस किती भरते ते बघतोय.” कंडक्टरताई हसल्या. “आता रोज रोज काय बघायचंय? शेवटी एक कॉफी मला द्यायचे. दुसरी हातात घेऊन तसेच परत. मग कुणीतरी तक्रार केली आणि थांबा गेला. लोकांना काही चांगलं बघवत नाही हो.”

“हो ना,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेल्या गेल्या तिने ड्रॉवर उपसला. मेणाच्या पट्ट्यांखालून तो कागद काढला, घडी उघडली. संध्याकाळची फेरी. सहा पाच: परिवहन कार्यालय फाटक, आगमन. सहा सतरा: प्रस्थान. बस्स, एवढंच. वेळापत्रकवाला माणूस आणखी कुठल्या भाषेत बोलणार होता? आणि तिला तर आकडे तोंडपाठ असायचे. एकदा, फक्त एकदा घडी उघडली असती...

दुपारची सुट्टी टाकून ती कार्यालयात गेली. दुसरा मजला. त्याच्या टेबलावर चष्मा लावलेला एक वयस्कर गृहस्थ होता.

“ते होय? ते गेले. सहा महिने झाले. दुसऱ्या शहरात नवीन बससेवा सुरू होत होती, माणसं मागितली होती. यांनी आपण होऊन नाव दिलं. चांगला माणूस. लग्न ठरलंय आता त्यांचं तिकडे, परवाच फोन आला होता.” त्याने चष्मा वर केला. “तुमचं काय काम होतं?”

“एक जुना अर्ज... संध्याकाळच्या थांब्याबद्दलचा. बघायला मिळेल?”

गृहस्थाने फाइल काढली. तिचंच अक्षर, तिचंच ते जमून आलेलं वाक्य. ‘खासगी सोयीसाठी’ या दोन शब्दांखाली पेन्सिलीने हलकीच रेघ मारलेली होती. आणि कडेला, त्या ओळखीच्या तिरक्या अक्षरात शेरा:

‘तक्रार रास्त आहे. थांबा रद्द करावा. अर्जदार यांचं म्हणणं आजवर कधी चुकलेलं नाही.’

तिने ते दोनदा वाचलं. रडू आलं ते तिने गिळलं. कुणावर रडायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“काही तक्रार द्यायची आहे का?” गृहस्थाने सवयीने कोरा कागद पुढे सरकवला.

आयुष्यात पहिल्यांदाच तिने समोर आलेला कोरा कागद परत केला.

“नाही,” ती म्हणाली. “बस अगदी वेळेवर येते.”

आणि ती खरंच येते. एक्केचाळीस नंबर फाटकासमोर अर्धं मिनिट थांबते, दार उघडतं, बंद होतं. ती डाव्या बाजूची खिडकी धरून बसते. आई दार उघडते आणि म्हणते, “आलीस? लवकर येतेस गं हल्ली.”

तो थांबा असता त्याहून बारा मिनिटं लवकर येते ती. पर्स खुंटीला अडकवते, हातपाय धुते, दोघींसाठी कॉफी टाकते. तरीही ती बारा मिनिटं काही संपत नाहीत.