पलीकडच्या काठाचा राखणदार

लिंबाजी नावेतून उतरला तो थेट चिखलात बसला. काठावर भांडी घासणारी चतुरा खुदकन हसली… आणि माणूस परका आहे हे ध्यानात येताच तिनं पदर ओठांवर धरला.

"हसा, हसा," तो उठत म्हणाला. "नजर ठेवायला आल्तो, अन् पहिल्याच पावलाला माझीच नजर चुकली."

"कुनावर ठेवनार नजर?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग घाईघाईनं पाण्याकडं. "डोहावर…"

हैदराबादचं राज्य मोडून मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हाची ही गोष्ट. आता वर धरण झालं, डोहात वाळू भरली. पण तेव्हा तिथं बांबू बुडेल एवढं पाणी असायचं. गोदावरीच्या अलीकडं अंबड तालुका, पलीकडं बीड जिल्हा, थोडं खाली गेलं की परभणी. डोह मात्र सगळ्यांचा एकच. काठाकाठांचे भोई एकमेकांची जाळी कापायचे, डोकी फोडायचे. तक्रार नेली की इकडचा शिपाई म्हणे, मधल्या धारेपुढं आमची हद्द नाही. तिकडचाही तेच म्हणे. माशांना बिचाऱ्यांना हद्द कुठली ठाऊक!

शेवटी तिन्ही जिल्ह्यांतले भोई शहाणे झाले. त्यांनी मिळून सोसायटी काढली आणि ठरवलं, पावसाळ्यात मासळी अंड्यावर असते तोवर डोहात जाळं नाही, गळ नाही. ज्या काठाकडून हे मोडेल त्यानं डोह उघडायच्या दिवशी हात बांधून बसायचं, पहिलं जाळं दुसऱ्यानं टाकायचं. आणि आपल्याच भावकीवर कोण इमानानं राखण करतो? म्हणून एका काठाचा राखणदार दुसऱ्या काठावर बसवायचा. त्याला जेवू तिथल्यांनीच घालायचं. फक्त त्यानं तिथं सोयरीक जोडायची नाही. सासुरवाडीविरुद्ध साक्ष द्यायची कुणाची छाती आहे?

चतुराचा बाप कचरू अलीकडच्या काठाचा पुढारी. त्यामुळं राखणदाराचं ताट त्याच्याच घरचं. चतुरा रोज भाकरी बांधून राखणदाराच्या खोपीवर न्यायची. श्रावणातली बारीक झड, ओलं गवत, आणि तिच्या पैंजणांचा आवाज आला की उगाच डोहाकडं टक लावून बसणारा लिंबाजी!

"आज भाकर करपली वाटतं?" तो विचारी.

"करपलेली सोडून ठिवा मंग."

"सोडू कशी? तुमच्या हातची हाये."

ती वळून चालू लागे, पण पाय मात्र रेंगाळत. दिवस असे भुर्रकन उडाले. म्हातारपणीही चतुराबाईंना तो श्रावण आठवला की हातातलं काम थांबायचं.

पोळा झाला की डोह उघडणार, लिंबाजी पलीकडं जाणार, हे तिला ठाऊक होतं. आणि एकच गोष्ट तिच्या मनाला खात होती. भोयाच्या घरचा पाहुणा, आणि त्याला आपण नुसतं पिठलं अन् अंबाडी घातली! एकदा तरी त्यानं आपल्या हातचं कालवण खावं… एका पहाटे तिनं गुपचूप गळ टाकला. मरळ लागली, चांगली हातभर. चिरली तर पोट अंड्यांनी भरलेलं! चतुराच्या काळजात चर्र झालं. पण जीव गेला तो गेला. तिनं तीळ-खोबरं वाटून कालवण केलं.

लिंबाजीनं ताटावरचं फडकं उचललं आणि त्याचा हात तसाच राहिला.

"हे… आपल्या डोहातलं?"

"तुमच्यासाठी."

त्यानं ताट हळूच बाजूला सारलं. "आता हे मला सांगावं लागंल, चतुरा."

"कुनी पाह्यलं न्हाई."

"मी पाह्यलं ना."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "सांगा मंग! खुशाल सांगा!" म्हणत ती निघाली, आणि घरी येऊन चुलीपुढं पोटभर रडली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाळवंटात दोन्ही काठांची बैठक बसली. अंबडचे मासळीचे व्यापारी बदरोद्दीनचाचा दोघांचाही माल घेत, म्हणून पंच तेच. लिंबाजी उभा राहिला.

"एक मासा मारला गेला. कुनी मारला ते इचारू नका. ताट माझं होतं, दंड आमच्या काठाला लावा."

त्याचा काका सटवाजी पलीकडच्यांचा मुकादम. तो खवळला. "आरं, राखायला धाडला का खायला?"

बायकांच्या घोळक्यातून चतुरा पुढं आली. "त्यांनी खाल्ला न्हाई. मासा म्या धरला."

कचरूचा चेहरा पडला. चाचा हळूच म्हणाले, "पर का, बेटी? घरात खायला नव्हतं?"

"होतं, चाचा. पन… माझा जीव जडला व्हता त्यांच्यावर. जायच्या आधी एकदा त्यांनी माझ्या हातचं कालवन खावं वाटलं."

चाचांनी दाढी कुरवाळली. "पहिलं जाळं पलीकडचे टाकतील. फैसला झाला."

"अन् ह्याची राखण बंद!" सटवाजी गरजला. "उद्यापास्नं ह्याची साक्ष कोन मानंल?"

लिंबाजीचा चेहरा एकदम खुलला. "काका, म्हंजे मी राखनदार न्हाई?"

"न्हाई!"

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई! चल, बस नावेत!"

तो नावेकडं गेलाच नाही. कचरूपुढं जाऊन वाकला. "मामा, राखनदाराला मागनी घालता येत नव्हती…"

"पुढच्या साली लगीन झालेला राखनदार धाडा, सटवाजी," चाचा म्हणाले आणि सगळं वाळवंट हसलं. कचरू तेवढा हसला नाही.

"पहिलं जाळं गेलं, आता लेकबी नेतो का?" तो पुटपुटला. मग लेकीकडं वळला. "तुझं काय म्हननं हाये गं?"

चतुरानं मान वर केली. "बाबा, त्यांनी खरं सांगितलं अन् माझं नाव न्हाई घेतलं. असा मानूस मला दुसरीकडं कुठं घावंल?"